मामाच्या उतरलेल्या फिती

माझा मामा सैन्यात हवालदार होता, मेजरची जीप चालवायचा. लढाईत एका टेकडीवरचा हल्ला फसला आणि मेजरने खापर तीन जवानांवर फोडलं. भ्याडपणे पळाले, असा आरोप. शिक्षा मृत्यूची होती.

खरं काय घडलं ते मामाला ठाऊक होतं. हल्ला चालू असताना मेजर टेकडीपासून लांब, जीपमध्येच बसला होता. गोळ्या संपल्याचं ते तिघं वायरलेसवर ओरडून सांगत होते आणि हा नुसता "पुढे व्हा" म्हणत होता.

सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं. मामा मात्र लष्करी कोर्टात आपणहून उभा राहिला.

"कोणाविरुद्ध बोलतोयस, कळतंय का?" न्यायाधीशाने दरडावलं.

"कळतंय, साहेब. त्यांच्या शेजारीच बसलो होतो. हे तिघं पळाले नाहीत. गोळ्या संपल्यावर माघारी आले."

मग जीपमध्ये मागे बसलेल्या वायरलेसवाल्यालाही धीर आला, त्यानेही तेच सांगितलं. तिघं सुटले. मेजरला कोणी हात लावला नाही. मामाच्या बाहीवरच्या फिती मात्र उतरवल्या आणि त्याला भटारखान्यात बटाटे सोलायला बसवलं. निवृत्तीपर्यंत तो साधा शिपाईच राहिला.

आता तो गॅरेज चालवतो. एखादं गिऱ्हाईक विचारतं, "सैन्यात काय होतात?"

"शिपाई," मामा इंजिनातून डोकं न काढता म्हणतो.

मामीला ते अर्धवट उत्तर खपत नाही. हातातलं काम टाकून ती बाहेर येते.

"आधी हवालदार होते," ती ठणकावून सांगते. "खरं बोलले, म्हणून शिपाई झाले!"