सतरा नंबर

आमच्या दवाखान्यात नंबर देणाऱ्या बाईंना सगळे नंबरताई म्हणत. माझे यजमान लहान मुलांचे डॉक्टर. दवाखाना खाली, घर वर. औषधांचा साठा मी बघत असे, त्यामुळे दिवसातून चारदा तरी नंबरताईंच्या टेबलाशी जाणं व्हायचं. त्या टेबलापाशी त्या सव्वीस वर्षं बसल्या.

टेबलावर पुठ्ठ्याचे चौकोनी नंबर असत, एक ते चाळीस. कोपरे झिजले की त्या घरून नवे कापून आणत. पण त्यांचं खरं काम कानांचं. मान वर न करता त्या बाकांवरचा खोकला ऐकत. कोरडा, ओला, डांग्या, आणि कुत्रं भुंकावं तसा घोगरा. या शेवटच्या खोकल्याचं मूल त्या नंबर न बघता आत पाठवत. श्वासनळीच्या तोंडाशी सूज आली की असा आवाज येतो, आणि तान्ह्या मुलाची ती वाट मुळातच पेन्सिलीएवढी, हे त्यांना यजमानांनी शिकवलं होतं. रांगेतले लोक कुरकुरत. घाबरलेल्या एखाद्या बापाला त्या म्हणत, ताप मुलाला आहे ना, मग घाम तुम्हाला का फुटलाय? माणसं हसत आणि थांबत.

त्यांचा एक हट्ट होता. फार पूर्वी त्यांचा भाचा आधी आत गेला, तेव्हा कुणीतरी टोमणा मारला होता की घरच्यांचा खोकला जरा वरच्या दर्जाचा दिसतो. तो त्यांना लागला. तेव्हापासून घरचं कुणी आलं की रांगेतच. कंपाउंडर म्हणायचा, ताईंच्या घरी लग्न निघालं तर नवऱ्या मुलालाही नंबर घ्यावा लागेल.

त्या मंगळवारची नोंद माझ्या वहीत आहे, कारण मी तेव्हा बाटल्या मोजत होते. दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांची लेक चौदा महिन्यांच्या मुलाला घेऊन आली. खोकला घोगरा होता आणि प्रत्येक श्वास आत घेताना करवत ओढल्यासारखा आवाज येत होता. मलाही ऐकू येत होता. मी म्हटलं, याला आत पाठवा ना.

"माझाच नातू आहे, वहिनी. बसू दे."

त्यांनी लेकीच्या हातात सतरा दिला. आत अकरावा होता. माझं दूध गॅसवर होतं. मी वर गेले.

पुढचं मला लेकीनं नंतर सांगितलं. थोड्या वेळानं आवाज थांबला. नंबरताईंनी मान वळवून पाहिलं. पोर आईच्या खांद्यावर डोळे मिटून पडलं होतं. झोपला का, असं त्यांनी विचारलं. लेक म्हणाली, हो, आवाजही गेला बघ. दोघींना बरं वाटलं. सोळा नंबर आत गेला.

सतराची वेळ आली तेव्हा यजमानांनी मुलाचा सदरा वर केला. फासळ्यांखाली प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता. ओठ राखाडी. तो झोपला नव्हता, दमला होता. आवाज करायला लागणारी हवाही आत जात नव्हती. यजमानांनी तिथेच टेबलावर श्वासासाठी त्याच्या घशात नळी घातली आणि स्वतः त्याला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

यजमान जेवताना एवढंच बोलले, "मी त्यांना आवाज शिकवले. थांबला तर काय, ते सांगायचं राहिलं."

मी ताटात आमटी वाढली.

नंबरताई दोन आठवड्यांनी कामावर आल्या. सतराचा पुठ्ठा त्यांनी काढून टाकला नाही, तोही इतरांसारखाच देत राहिल्या. फक्त आता दर थोड्या वेळानं उठायच्या आणि बाकांमधून फिरायच्या. गप्प असलेल्या, झोपलेल्या मुलांचे सदरे वर करून छाती बघायच्या. झोपमोड झाली म्हणून आया चिडायच्या. त्या म्हणायच्या, रडला तर बरंच.

लेक तीन वर्षं दवाखान्यात आली नाही. मग एका सकाळी आली, कडेवर सात महिन्यांची मुलगी, नाक वाहतंय. टेबलावरचा बावीसचा पुठ्ठा तिनं स्वतःच उचलला आणि बाकावर जाऊन बसली. मी कापूस द्यायला खाली आले होते. नऊ नंबर बाहेर पडत होता.

नंबरताई उठल्या. लेकीच्या हातातला पुठ्ठा काढून घेतला आणि आतलं दार उघडून धरलं.

"आम्ही केव्हापासून बसलोय, ताई," एक गृहस्थ म्हणाले. "घरचं मूल दिसतंय."

"हो. माझी नात आहे."

लेक क्षणभर बसून राहिली. मग उठून आत गेली.

दोन मिनिटांत बाहेर आली. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घालायला सांगितले होते. टेबलाशी ती थांबली.

"साधी सर्दी आहे, आई."

"बरं."

नंबरताईंनी बावीस पुन्हा आपल्या जागी लावला आणि दहा नंबर पुकारला.