हरिश्चंद्राच्या पातोळ्या

हरिश्चंद्र चाळीस वर्षं मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात रॅव्हिओली, म्हणजे सारणाचा इटालियन पास्ता, भरत होता. पातळ लाटलेल्या पिठात पालक आणि चीज घालायचं, वर दुसरी पोळी अंथरायची, हवा काढायची, कडा दाबायच्या आणि दातेरी चक्रीने चौकोन कापायचे. दिवसाला चारशे. पाण्यात एकही फुटता कामा नये आणि एकाचीही कड वेडीवाकडी नको. हा त्याचा धर्म झाला होता.

निवृत्त होऊन तो लांज्याजवळच्या आपल्या गावी आला, तेव्हा घराने त्याला पाहुण्यासारखं ठेवलं. विमला, त्याची बायको, एकटीने घर चालवत आली होती. तो पाणी मागे, ती पेला आणून देई. डबा कुठला, मीठ कुठलं, हे विचारायला गेलं की ती म्हणायची, "तुम्ही बसा. मी हाय ना."

आषाढात घरापुढच्या खळ्यातल्या शेवाळावर ती घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर चढलं. तरी चूल त्याच्याकडे आली नाही. शेजारच्या यमुनाबाई, त्याच्या चुलत वहिनी, रोज येऊन भाकऱ्या थापून जाऊ लागल्या. दोन बायका आत बोलायच्या आणि हरिश्चंद्र ओटीवर बसून त्यांच्या बोलण्यात आपलं नाव येतं का ते ऐकायचा. येत नसे.

नागपंचमीला नैवेद्य हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्यांचा. आदल्या दिवशी तो म्हणाला, "पातोळ्या मी करतो."

"तुम्ही?" विमला हसली.

"भरायचंच काम आहे ना? जन्मभर तेच केलं."

तिने जरा वेळ त्याच्याकडे पाहिलं. "नैवेद्याचं हाय. खेळ नाय."

"नाही जमलं तर परत विचारणार नाही."

हे तो सहज बोलला, पण बोलल्यावर ते खरं आहे हे दोघांनाही कळलं.

नारळ आदल्या दिवशीच खवून, गूळ घालून सारण शिजवून ठेवलं होतं. सकाळी विमला देवापाशी पाटावर चंदनाने नाग काढायला बसली, डाव्या हाताने, सावकाश. आत हरिश्चंद्राने तांदळाचं पीठ कालवलं, हळदीच्या पानावर पसरलं, एका बाजूला सारण ठेवलं आणि पान दुमडलं. सहा पातोळ्या झाल्या. पण पानांची टोकं पुढे आलेली, कडा कमीजास्त. त्याला ते बघवेना. ट्रंकेतून त्याने आपली चक्री काढली, करंजीच्या कातणासारखी, आणि सहाही पातोळ्यांच्या कडा सरळ कापल्या. मग समाधानाने हाक मारली, "बघ गं!"

विमला दारात आली आणि तिथेच थांबली.

"अवो, काय केलंत हे?"

"कडा सारख्या केल्या."

"आज कापतात? नागपंचमीला?"

तेव्हा त्याला आठवलं. आई या दिवशी विळी आणि कोयता पहाटेच पोत्याखाली झाकायची. नागाला इजा नको म्हणून आज काही चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही. अठराव्या वर्षी तो मुंबईला गेला. सुट्टी मिळायची ती गणपतीला. श्रावणातला हा दिवस त्याच्या आयुष्यातून कधी गळून पडला, ते त्याला कळलंच नव्हतं.

विमला रागावली नाही. तेच वाईट होतं. "ऱ्हाऊ दे. वहिनीला हाक मारते."

"थांब," तो म्हणाला. "मी जातो."

यमुनाबाईंकडे जाऊन त्याने घडलं ते सांगितलं आणि पानं मागितली. त्या पोट धरून हसल्या. "इतकी वर्सं हाटेलात काढून आलात नि नागाचंच शेपूट तोडलंत व्हय, भावजी? पानं देतंय. पण ती चक्री हितं ठेवायची."

त्याने हातातली चक्री तिथे ठेवली.

दुसऱ्यांदा पीठ पसरताना नजर पुन्हा पुन्हा कडेकडे जात होती. हात नुसतेच थांबत. विमला शेजारी येऊन बसली आणि डाव्या हाताने तिने पान धरून ठेवलं. पान दुमडल्यावर तो घडीवरून अंगठा फिरवत होता.

"ह्ये कशाला?"

"हवा राहिली तर वाफेत तोंड उघडतं."

"माज्या उघडतात," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "तिकडं आत काय काय घालता?"

मग तो सांगू लागला. कुणी भोपळा घालतं, कुणी खिमा. दार्जिलिंगचा एक कुक कोबीचे मोमो वळायचा आणि वळताना घरचं गाणं म्हणायचा. विमला ऐकत होती. नवऱ्याची चाळीस वर्षं तिला पहिल्यांदाच ऐकायला मिळत होती.

पातोळ्या वाफवून चाळणीवरचं झाकण काढलं तेव्हा घरभर हळदीच्या पानांचा वास झाला. पानं सोलली. पातोळ्यांवर शिरा उमटल्या होत्या, कडा वेड्यावाकड्या होत्या, एकही उघडली नव्हती. नैवेद्य झाला. कापलेल्या सहाही वाफवून दोघांनी दुपारी खाल्ल्या.

संध्याकाळी यमुनाबाई आल्या, पातोळी खाऊन त्यांनी मान डोलावली आणि निघताना विचारलं, "उद्या भाकऱ्या थापाया मी येतंय ना गं?"

"नको," विमला म्हणाली. "हे करतील."

हरिश्चंद्राला भाकरी येत नव्हती. तो उठला आणि पिठाचा डबा शोधू लागला.