वीतभर उघडं शटर

चैत्रातल्या एका सकाळी मी नेहमीसारखं दुकानाचं शटर वीतभर वर केलं. खालून हात घालून देवाच्या तसबिरीपुढे दिवा ठेवला आणि शटर परत ओढलं. मग त्याच शटरसमोर ताडपत्री अंथरली, दोर, कासरे, घुंगरमाळा मांडल्या... आणि बसलो. स्वतःच्याच दुकानाबाहेर.

हसू नका. आमच्या जुन्या पेठेत बहुतेक सगळे असेच बसायचे. दुकान उघडलं की दुकानाचा कर, बंद ठेवलं की गोदामाचा... म्हणजे कितीतरी कमी. बाहेर बसायला बाजाराची रोजची पावती फाडली की झालं.

गिऱ्हाईक मलकापूरला आणि मोबाईलवर जाऊ लागलं, तसा दुकानाचा कर झेपेना. एकेक शटर खाली आलं आणि माणसं बाहेर. ताडपत्रीवर मांडून मांडणार किती... राहिलेलं गिऱ्हाईकही तुटायला लागलं.

त्या सकाळी मी मान वर केली तर करवसुलीचे साहेब समोर उभे.

"काऊन गजाननभाऊ, दुकान उघडून राह्यले काय?"

"नाही साहेब. दिव्यापुरतं."

शेजारी बांगड्या मांडत बसलेले सलीमभाई म्हणाले, "लिहून घ्या साहेब. आतमधी देव भाड्यानं राह्यतो, त्याच्याकडून वसूल करा."

साहेबही हसले, पुढे गेले. मला मात्र हसू आलं नाही. देवाला फटीतून दिवा दाखवायचा, तोही चोरासारखा... त्या दिवशी ठरवलं, हे शटर एकदा पूर्ण वर करायचं. पण त्या करात दुकान वर्षभरही टिकणार नाही, हेही कळत होतं.

पुढे नगरपंचायतीत करावरच्या हरकतींची सुनावणी लागली. मी चार माणसांत बोलणारा नाही. सलीमभाईंनी दंड धरून उठवलं. "बोलू नको बे, नुसता उभा राह्य. पण चाल."

माझ्या आधीचे सगळे करमाफी मागत होते. माझा नंबर आला आणि तोंडून भलतंच निघालं... "मॅडम, माफी नको. उलटं करा. जो उघडन त्याले कमी लावा, जो बंद ठेवन त्याले जास्त."

नगराध्यक्ष मॅडम म्हणाल्या, "पण भाऊ, तुमचं तर बंदच आहे."

"हो. बंद ठेवणं परवडते म्हणून बंद आहे."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पेठेत आल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. आपापल्या दुकानाबाहेर बसलेले आम्ही सगळे उभे राहिलो.

मग बरेच महिने काहीच नाही. मी दिवा लावत राहिलो... मागणं काही मागितलं नाही, नुसता लावत राहिलो. परवा सलीमभाई नगरपंचायतीतून जवळजवळ पळतच आले. "ऊठ बे ताडपत्रीवरून. मालक झाला तू." ठराव झाला होता. जुन्या पेठेत उघड्या दुकानाला सवलत, बंद गाळ्याला नाही.

आज सकाळी शटरला हात घातला. वीतभर अलगद गेलं, रोजची सवय. त्याच्या वर मात्र गंज... हलेचना. सलीमभाईंनी बांगड्या तशाच सोडून खांदा लावला, समोरचे भांडीवाले धावले. असा कर्कश आवाज झाला की पेठ वळून पाहू लागली. तो थांबतो न थांबतो तोच पलीकडे दुसरं शटर करकरलं... मग तिसरं.

धामणगाव बढे गावाची एक म्हातारी पायरीशी थबकली. "आत येऊ काय रे बापू?"

"या ना मावशी."

हात पोचावा म्हणून इतकी वर्षं जमिनीवर ठेवलेली तसबीर उचलली, पुसली, वडिलांच्या वेळच्या कोनाड्यात नेऊन ठेवली. दिवा लावायला आता वाकायची गरज नव्हती... तरी वाकलो.

आणि शटर वरच राहू दिलं.