काडतुसांना हळदकुंकू

आमच्या घरात एकदा रायफलच्या काडतुसांना हळदकुंकू वाहिलं गेलं, आणि ते मी, म्हणजे सरकारी कचेरीतल्या एका कारकुनानं, सोवळं नेसून वाहिलं.

काडतुसं मामांची. हैदराबादच्या पोलीस ॲक्शनच्या आधी मामा निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात होते. पुढं हत्यारं जमा करायचा हुकूम निघाला तेव्हा त्यांनी रायफल इमानेइतबारे जमा केली, पण काडतुसांचं एक खोकं ट्रंकेत तसंच राहिलं. ("हुकूम बंदुकीचा व्हता, गोळ्यांचं कुणी इचारलंच नाय," हा त्यांचा खुलासा.) मामा गेले, ट्रंक माझ्या वाट्याला आली आणि ते पुठ्ठ्याचं बंद खोकं माझ्या हाती लागलं.

शहाण्या माणसानं ते सरळ ठाण्यात नेऊन दिलं असतं. मी मात्र रविवारच्या पुरवणीत वाचलं होतं की परदेशात लोक जुनी काडतुसं खोक्यासकट जमवतात. लेबल शाबूत पाहिजे, वरची कागदी पट्टी फोडलेली नको, मग किंमत विचारू नका! झालं, मी भिंग घेऊन बसलो. लेबलावर कारखान्याचं नाव आणि साल होतं, तेवढं वाचून मी तज्ज्ञ झालो. पट्टी तर फोडायची नाही, म्हणून आत माल आहे का ते बघायला खोकं नारळासारखं कानाशी धरून हलवलं. ते पाहून माझी बायको सुमन जी अंगणात गेली, ती स्वयंपाकाची वेळ झाली तरी आत येईना.

गिऱ्हाइकासाठी शेजारचे सलीमभाई होतेच. त्यांचं हिमरू शालींचं दुकान, अजिंठ्याला जाणारे गोरे पाहुणे तिथं हटकून थांबायचे, शिवाय भाईंना स्वतःलाही जुनी नाणी, घड्याळं जमवायचा नाद. एक जुनी चीज दाखवायची आहे, उद्या सकाळी या, एवढंच मी त्यांना मोघम सांगून ठेवलं.

सकाळी नेमकी खंडेनवमी. एरवी आमच्याकडे शस्त्रपूजेला विळी, कात्री आणि माझी स्कूटर. या वर्षी घरात खरंखुरं शस्त्र असताना ते ट्रंकेत कशाला ठेवा? मी खोकं चौरंगावर मांडलं, झेंडूची माळ घातली, लेबलावर तेलात कालवलेल्या कुंकवाचं ऐसपैस स्वस्तिक काढलं आणि अगदी खेटून समई लावली. इतकी देखणी पूजा माझ्या हातून पूर्वी कधी झाली नव्हती.

सलीमभाई आले. चपला काढल्या, चौरंगाकडे पाहिलं आणि उंबऱ्यातच थांबून शांतपणे म्हणाले, "भाई, पैले वो दिया हटाओ."

त्यांच्या वडिलांकडे शिकारीची परवान्याची बंदूक होती, त्यामुळं त्यांना सगळं ठाऊक. काडतुसं जुनी असली तरी जिवंत, विनापरवाना घरात ठेवणं गुन्हा, विकणं त्याहून मोठा गुन्हा, आणि सरकारी नोकर असेल तर आधी निलंबन, मग बाकीचं. आमचं सगळं घर त्या एका पगारावर चाललेलं.

मी समई विझवायला वाकलो तर सुमन आडवी आली. "पूजेचा दिवा इझवायचा नसतो. आन् मांडलेली पूजा उद्यापस्तोर हलवायची नाय."

"मग आपण उडून जायचं का?"

"मांडायच्या आधी इचारलं व्हतं का मला?"

शेवटी तोड काढली सलीमभाईंनी. दिवा जळू दे, फक्त तिकडं जळू दे. आणि त्यांनी स्वतः ती पेटती समई दोन्ही हातांनी उचलून, ज्योत हलू न देता, अंगणात तुळशीपाशी नेऊन ठेवली. मी तेव्हा कपाटामागं होतो.

मग ते मला ठाण्यावर घेऊन गेले आणि आम्ही हवालदारांना घेऊन परतलो. आता खोकं जाईल म्हणून मी सुटकेचा निःश्वास सोडला, तर हवालदारांनी बूट काढले आणि चौरंगाला हात जोडले! "उत्तरपूजा झाल्याबिगर कसं उचलावं? आमच्या ठाण्यातल्या बंदुका बी आज पूजेतच हायेत." ते पुरणपोळी जेवून ओट्यावर पहाऱ्याला बसले. ऐन सणाचं दुकान बंद ठेवून सलीमभाई त्यांच्या सोबतीला बसले. शस्त्राचा मालक तेवढा बायकामुलांसह सासुरवाडीला.

दसऱ्याला अक्षता टाकल्या आणि खोकं साहेबांच्या टेबलावर गेलं. बोलले ते सलीमभाईच. "साब, आदमी बेवकूफ है, बदमाश नहीं." साहेबांनी स्वस्तिकाकडे पाहिलं आणि पहिला भाग त्यांना लगेच पटला. दुसऱ्या भागासाठी सलीमभाईंनी स्वतःचा शब्द दिला. काडतुसं जमा झाली, मी सुटलो. वाटेत भाईंनी सांगितलं की त्या तेलकुंकवानं लेबलावरचं साल बुजलंय, आता तर रिकामं खोकंही कुणी शौकीन घेणार नाही.

माझी नोकरी राहिली ती त्या माणसाच्या शब्दावर. मुलं शिकली, आज पेन्शन खातोय, ते त्यांचेच उपकार, आणि ते फिटावेत असं मला वाटतही नाही.

आता खंडेनवमीला मी माझं खरं हत्यार, कचेरीतला स्टेपलर, चौरंगावर ठेवतो. सलीमभाई आवर्जून येतात. त्यांच्यासमोर स्टेपलर उघडून आत एकही पीन नाही हे दाखवल्याशिवाय सुमन मला समई लावू देत नाही.