उघड्या डोक्यानं सॅल्यूट नसतो

कोणी सॅल्यूट ठोकला की ते आधी हातातली पिशवी खाली ठेवायचे. मग टाचा जुळवून, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून ताठ उभे राहायचे आणि म्हणायचे, "राम राम. उघड्या डोक्यानं सॅल्यूट नसतो."

तुमच्याही ओळखीत असा एखादा निवृत्त फौजी असेल. केडगावात आमच्या गल्लीत हे सुभेदार होते. मूळ श्रीगोंद्याकडचे. निवृत्त झाल्यावर इथे दोन खोल्यांचं घर बांधून राहिले. माझी पिठाची गिरणी त्यांच्या समोरच, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला ते देत असलेला धडा मला रोज ऐकू यायचा. अंगात वर्दी नाही, डोक्यावर टोपी नाही, तर हात वर करायचा नाही. सावधान उभं राहायचं आणि तोंडानं राम राम म्हणायचं.

एकदा दूधवाल्याने गाडी थांबवून हेल्मेटसकट सॅल्यूट केला. सुभेदार विचारात पडले. दळण होईपर्यंत गिरणीत बसून राहिले. जाताना मला म्हणाले, "हेल्मेटला टोपी धरायचं का, ते आमाला शिकवलं न्हाई. पण गाडीवर दोन्ही हात हँडललाच पायजेत."

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्याच दूधवाल्याला त्यांनी स्वतःहून सॅल्यूट केला. लुंगी, बनियन, डोकं उघडं. मी गिरणीतून हसलो. दूधवालाही हसला. दारात उभ्या असलेल्या मावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, हसल्या नाहीत.

डॉक्टर म्हणाले, विस्मरणाचा आजार आहे, तो मागे फिरत नाही, गोळ्यांनी थोडा हळू होईल. तो हळू झाला नाही. सुभेदार फाटकापाशी उभे राहून टेम्पोला, भाजीवालीला, विजेच्या खांबाला सॅल्यूट करू लागले. समोरून उत्तर मिळेपर्यंत हात खाली येत नसे. कोपर थरथरायला लागायचं. मग आम्ही शेजारी धावत जाऊन सॅल्यूट करायचो. खांबाच्या वतीने मी कितीतरी वेळा केला असेल.

कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. खाली लोकांनी हात जोडले, झेंडे लावले, या वयातही काय शिस्त म्हणून कौतुक केलं. मावशींना तो त्यांच्या भाचीने दाखवला. त्या मोबाईल घेऊन माझ्याकडे आल्या.

"हे पुसता येतं का?"

"मावशी, लोक चांगलंच बोलतायत."

"लोकांना काय म्हाईत? शुद्धीवर असते तर लाजंनं घराबाहेर पडले नसते. उघड्या डोक्यानं, बनियनवर."

पुसता येत नव्हतं. तोवर तो कुठल्या कुठे गेला होता.

दुसऱ्या दिवसापासून मावशी त्यांच्या मागे टोपी घेऊन फिरू लागल्या. त्यांनी हात उचलला की ह्या डोक्यावर टोपी ठेवायच्या. ते ती काढून फेकायचे. त्या उचलून, झटकून पुन्हा ठेवायच्या. एकदा त्यांनी मावशींचा हात पिरगाळला. त्या ओरडल्या नाहीत. सुटल्यावर मला एवढंच म्हणाल्या, "माझं सोडा. पन त्यांचा नेम त्यांनाच मोडायला लागतोय, ते बघवत न्हाई."

दिवाळीनंतर मुलगा येऊन दोघांना पुण्याला घेऊन गेला. घराला कुलूप लागलं.

परवा मावशींचा फोन आला. फ्लॅट सहाव्या मजल्यावर आहे. सुभेदार दिवसभर गॅलरीत खुर्चीवर बसतात. समोरून कोणी जात नाही.

"हात खालीच असतो आता," त्या म्हणाल्या. "बरं झालं म्हनायचं का, तुमीच सांगा."

मग त्यांनी फोन सुभेदारांच्या कानाला लावला. मी म्हणालो, "सुभेदारसाहेब, राम राम."

"कोन?"

मी नाव सांगितलं. गल्ली सांगितली, गिरणी सांगितली.

"असं का," ते म्हणाले. परक्या माणसाशी बोलावं तितक्या अदबीने त्यांनी विचारलं, "जेवन झालं का तुमचं?"

झालं नव्हतं. मी हो म्हणालो.