आकडा खरा निघाला

माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाला लागूनच त्यांचं काचेचं दुकान होतं. मधली भिंत इतकी पातळ, की तिकडे काच कडकन तुटली की इकडे माझ्या चिमट्यातला स्क्रू उडायचा. सगळे त्यांना दादा म्हणायचे. खिडक्यांच्या, टेबलांच्या काचा कापण्यात त्यांचा जन्म गेला. हातांवर बारीक व्रणांची नुसती जाळी. गिऱ्हाइकानं विचारलं, "लागत नाही का हो?" तर म्हणायचे, "लागतं की. पण माझं रक्त शहाणं आहे, आपलं आपण थांबतं."

ज्या दुपारी ते रक्त थांबेना, त्या दुपारी मी तिथंच होतो. साधी चीर. दादांनी सवयीनं बोट तोंडात धरलं, मग फडकं गुंडाळलं. फडकं भिजलं, दुसरं गुंडाळलं, तेही भिजलं. आमचा चहा पिऊन झाला तरी रक्त वाहतच होतं.

वहिनी जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "यांच्या नडगीवरचे ठिपके बघा. मी कधीची सांगतेय, डास नाहीत ते."

दादांनी कुरकुरत पँट वर केली. टाचणीनं टोचल्यासारखे लाल ठिपके. वहिनींनी त्यांवर बोट दाबून उचललं. ठिपके जसेच्या तसे, जरासुद्धा फिके पडले नाहीत. गुडघ्याच्या वर एक जांभळा डाग होता, तो कशानं उठला हे दादांना आठवेना. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं, हेही तेव्हाच कबूल केलं.

रक्त तपासलं. प्लेटलेट्स अकरा हजार आल्या. माणसाच्या असतात दीड लाखापासून साडेचार लाखांपर्यंत.

"एक शून्य लिहायचं राहिलं असेल," दादा म्हणाले.

डॉक्टरबाईंनी ते हसण्यावारी नेलं नाही. म्हणाल्या, "आकडा खोटाही असू शकतो. रक्त ज्या नळीत घेतात, तिच्यातल्या औषधामुळं काहींच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात. यंत्राला तो गठ्ठा मोजता येत नाही. दुसऱ्या नळीत रक्त घेऊ आणि काचपट्टीवर डोळ्यांनी पाहू."

एवढं ऐकून दादा दुकानात आले ते शीळ घालतच. "यंत्र चुकलंय रे," मला म्हणाले. "आणि काचपट्टीवर बघणार आहेत. काच खोटं बोलत नाही, काय?" मलाही पटलं. दोघांनी मिळून समोरून भजी मागवली. बोटाला पट्टी तशीच होती, तिच्याकडे आम्ही कुणी पाहिलं नाही.

आकडा खरा निघाला. गठ्ठे नव्हतेच. काचपट्टीवर प्लेटलेट्स शोधाव्या लागत होत्या.

शेजारच्या शिंप्यानं धीर दिला. "घाबरता काय? माझ्या मेव्हण्याच्या तापात वीस हजारांवर आल्या होत्या. आठवड्यात लाखावर गेल्या." दादांनी पुढच्या वेळी हेच डॉक्टरबाईंना विचारलं. सोबत मी होतो, त्यांची लेकही होती. ती शाळेत शिकवायची.

"त्या तापात प्लेटलेट्स कमी होतात, पण हाडांतला मगज शाबूत असतो," त्या म्हणाल्या. "ताप उतरला की तो पुन्हा भराभर बनवतो. तुमच्या एकट्या प्लेटलेट्स कमी असत्या तरी मी वेगळा विचार केला असता. पण लाल पेशी कमी आहेत, पांढऱ्याही कमी आहेत. तिन्ही एकाच ठिकाणी तयार होतात."

"म्हणजे कारखानाच बंद?"

"तेच बघायचंय."

कंबरेच्या हाडातून मगज काढून तपासला. कारखाना जवळजवळ बंदच होता. दुसऱ्याचा मगज घालता येतो, पण भावंडाचा जुळला तर उत्तम; आणि दादांना भावंड नव्हतं. लेकीचा अर्धाच जुळत होता, आणि बाहेरचा पूर्ण जुळणारा माणूस सापडेना. औषधं सुरू केली. त्या औषधांनी दादांचा चेहरा सुजला, हात थरथरू लागले, आकडा मात्र हलला नाही.

मग काय करायचं नाही, याची उजळणी सुरू झाली. दाढी वस्तऱ्यानं नाही. ब्रश मऊ. अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय नाही, कारण काही गोळ्यांनी आहेत त्या प्लेटलेट्सही कामाला येत नाहीत. आणि काच नाही.

"मग करू काय?" दादा म्हणाले. "कापूस विकू?"

ते दुकानात येऊन बसायचे. एकदा एक बाई खिडकीच्या काचेचं माप घेऊन आली. दादांचा हात आपसूक हिऱ्याकडे गेला. काच कापायच्या लेखणीला आम्ही हिरा म्हणतो. वहिनींनी तो आधीच उचलला.

"सांगा, मी कापते."

"एकदाच ओढ. जोर सारखा ठेव. गेलेल्या रेघेवर परत फिरवू नकोस."

वहिनींनी एकदाच ओढला. काच उचलली आणि ती भलतीकडूनच तुटली. दुसरी घेतली, तीही तुटली. बाई म्हणाली, "राहू द्या, मी दुसरीकडे बघते." दादा तुकड्यांकडे पाहत बसले. खाली वाकून उचलायचीही त्यांना मुभा नव्हती. तुकडे मी उचलले.

आकडा सहा हजारांवर आला आणि प्लेटलेट्सच्या पिशव्या चढवणं सुरू झालं. दादांना वाटलं होतं, लाल रक्त चढवतील. पिशवीत फिकट पिवळं पाणी पाहून म्हणाले, "हे काय, सरबत?" एकदा लेकीनंच प्लेटलेट्स दिल्या. तिच्या हातातून रक्त यंत्रात जायचं, प्लेटलेट्स वेगळ्या व्हायच्या, उरलेलं रक्त परत तिच्या अंगात. दुसऱ्या दिवशी दादांचा आकडा चौतीस हजार! वहिनींनी मला फोन केला तेव्हा त्यांना धड बोलता येईना. लेक नुसती हसत होती, म्हणे.

डॉक्टरबाई लेकीला म्हणाल्या, "बरं वाटणं साहजिक आहे. पण हा आकडा त्यांचा नाही, तुमचा आहे. बाहेरून घातलेल्या प्लेटलेट्स थोडेच दिवस टिकतात."

तसंच झालं. आकडा उतरला. पुन्हा पिशवी, पुन्हा थोडी चढण. मग एकदा पिशवी संपल्यावर मोजलं, तर जिथं होता तिथंच. दादांचं शरीर परक्या प्लेटलेट्स ओळखून मारायला लागलं होतं. लेकीच्या पुन्हा घातल्या, त्याही मारल्या.

"माझ्यासुद्धा?" तिनं विचारलं.

"तुमच्यासुद्धा," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि काही वेळ कागदावर उगाच काहीतरी लिहीत राहिल्या.

मी शेवटचा भेटलो तेव्हा दादा खिडकीशी बसले होते. जिभेवर काळे फोड आले होते, बोलणं जड झालं होतं. म्हणाले, "माझं चुकलं काय, ते तरी कुणी सांगावं." मी म्हटलं, "काही नाही चुकलं." ते म्हणाले, "तेच डॉक्टरीणबाई म्हणते. मग धरायचं कुणाला?"

त्यानंतर एका सकाळी चहा घेताना त्यांचं डोकं दुखायला लागलं. वहिनींनी गोळी दिली नाही, रिक्षा बोलावली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत दादा वहिनींना ओळखेनासे झाले होते. डोक्यात रक्तस्राव झाला होता. संध्याकाळच्या आत गेले.

दुकान मोबाईलवाल्यानं घेतलं. उरलेल्या काचा न्यायला लेक टेम्पो घेऊन आली. आम्ही दोघं काचा उचलत असताना तिचा फोन वाजला. तिनं ऐकून घेतलं, "नाही जमणार" म्हणाली आणि ठेवला.

"रक्तपेढीतून," ती म्हणाली. "कुणालातरी प्लेटलेट्स हव्या आहेत. माझं नाव आहे त्यांच्याकडे."

मी हातातली काच टेम्पोत ठेवली.

"काका, मी हो म्हणायला हवं होतं ना?"

"तुला जमेल तेव्हा जा."

"नाही जमणार," ती पुन्हा म्हणाली आणि काचेचं दुसरं टोक धरायला मला खुणावलं.