सुकाणूची लाल चिंधी

“आजच्यापुरतं हाय, अप्पा. उद्याचं मला इचारू नका.”

तात्पुरती दुरुस्ती करून इंजिनावरून हात काढला की आमच्या होडीचा मिस्त्री मला हे म्हणायचा आणि खिशातून लाल चिंधी काढून सुकाणूच्या चाकाला बांधायचा. दोन गाठी. त्या दिसल्या की होडीनं फक्त जवळचा काठ गाठायचा, पुढं माणूस बसवायचा नाही. नवा भाग बसला की चिंधी तो स्वतः सोडायचा. दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे.

त्या चिंधीबद्दल मी एकदा खोटं बोललो. ते दुरुस्त करायला हे लिहितो आहे.

धरणाचं पाणी भरलं आणि आमची निम्मी शेतं पलीकडे राहिली. ये-जा करायला गावानं लोखंडी होडी घेतली, तिला ट्रकचं जुनं इंजिन बसवलं. सुकाणू माझ्याकडे, इंजिन त्याच्याकडे. तो बीदरजवळच्या कमठाण्याचा. तुमच्यापैकी जे त्या होडीत बसले असतील त्यांना त्याचे काळे हात आठवतील.

इंजिन थंड ठेवणारं पाणी कुठून ना कुठून गळायचंच. रबरी पाइप चिरला तर तो सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायचा, वरून तार आवळायचा. रेडिएटरला बारीक भोक पडलं तर कपड्याचा साबण मळून त्यात दाबायचा. आत वाफ कोंडू नये म्हणून झाकण ढिलं ठेवायचा.

एकदा भर पाण्यात गळती लागली. पलीकडच्या देवळाला निघालेल्या बायका होडीत होत्या. हा एकीच्या ताटाकडे बघत म्हणाला, “अक्का, हळद द्या जरा.”

“कामून? देवाची हाय ती.”

“देवाला कमी पडली तर देव चालवून घील. रेडिएटर घ्यायचा न्हाई.”

मूठभर हळद रेडिएटरच्या पाण्यात गेली. गळती हळूहळू थांबली. बायका हसत काठावर उतरल्या आणि ह्यानं चिंधी बांधली.

घरीही त्याचं तेच. खाटेच्या पायाला चिंधी, कवाडाच्या कडीला चिंधी. बायको म्हणायची, “मलाबी एक बांधा. गुडघा दुखायलाय.” तो खरंच खिशात हात घालायचा.

त्या दिवशी मोठा पाइप फाटला. त्यानं ट्यूब गुंडाळली, चिंधी बांधली आणि नवा पाइप आणायला बीदरला निघाला. जाताना म्हणाला, “अप्पा, मी येईस्तोवर माणूस घिऊ नका.”

“व्हय,” मी म्हणालो.

तासाभरात लग्नाचं वऱ्हाड काठावर आलं. लग्न पलीकडच्या गावात, मुहूर्त दुपारचा. सडकेनं वळसा घातला असता तर टळलाच असता. नवरीचा बाप हात जोडून उभा राहिला. मी हो म्हणालो; इंजिनही मीच चालवणार होतो. माणसं चढू लागली तेव्हा नवरीच्या मावशीनं विचारलं, “हे लाल कामून बांधलंय?”

“नवसाचं हाय,” मी म्हणालो, आणि कुणी आणखी विचारू नये म्हणून गाठी सोडून चिंधी खिशात टाकली.

मध्यावर ट्यूब सुटली. उकळतं पाणी मावशीच्या पायावर आलं. ती ओरडली ते मला ऐकू आलं, पण मी पाण्याकडेच बघत होतो. दुसऱ्या होडीनं आम्हाला काठाला ओढून नेलं. मावशी वाचली. पाय मात्र आखडला तो आखडलाच.

दुसऱ्या दिवशी काठावर पंच बसले. वऱ्हाडातलं कुणी तिथं नव्हतं. त्याला विचारलं, “असलं कच्चं काम करून, खूण न ठेवता होडी सोडून गेलास कसा?”

“मी चिंधी बांधली होती,” तो म्हणाला. “अप्पाला इचारा.”

सगळे माझ्याकडे वळले.

“चिंधी नव्हती,” मी म्हणालो.

त्यानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, “अप्पा म्हणतात तर नसंल. मीच इसरलो असन.”

त्यानंतर आमच्या भागात कुणी त्याला मोटर दाखवली नाही की ट्रॅक्टर. तो बायकोला घेऊन कलबुर्गीला गेला आणि पंक्चरच्या दुकानात बसू लागला. मी भेटायला गेलो नाही. मागच्या वर्षी तो वारल्याचं कळलं तेव्हा मी जेवत होतो. जेवण पूर्ण केलं.

त्या पंचांपैकी दोघं अजून आहेत. त्यांनी हे वाचावं. त्याच्या बायकोलाही मी हे वाचून दाखवणार आहे. चिंधी होती. दोन गाठी होत्या. त्या मी सोडल्या.

त्या दिवशी पंच उठून गेले तरी तो थांबला होता. बीदरहून आणलेला पाइप त्याच्या पिशवीत होता. कुणी सांगितलं नसताना तो होडीत उतरला, पाइप बसवला, पाणी भरलं, झाकण घट्ट केलं. इंजिन चालू करून गळती नाही ना ते बोट फिरवून पाहिलं. मग सवयीनं उठला आणि चिंधी सोडायला सुकाणूकडे हात नेला.

हात चाकावर तसाच राहिला. मी दोन पावलांवर उभा होतो. चिंधी माझ्या खिशात होती.